तारखेचे दोन वाचक

२००७ सालच्या एप्रिल महिन्यात वेबवर काम करणाऱ्या दोघांनी एक साधी गोष्ट जगापुढे मांडली. एका पानावर कार्यक्रमाची वेळ दिलेली होती: १२ मार्च २००७, संध्याकाळी ५ वाजता. डोळ्यांनी वाचणाऱ्याला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. दृष्टिहीन माणसं ज्या स्क्रीन रीडरच्या मदतीने संगणकावरचा मजकूर ऐकतात, त्या स्क्रीन रीडरला हेच पान दिलं तेव्हा मात्र भलताच आवाज आला. तो आवाज अर्थातच इंग्रजीत होता. आपल्या मोजणीत सांगायचं तर तो असा: दोन कोटी सत्तर हजार तीनशे बारा टी सतराशे डॅश शून्य सहा.

हा आकडा म्हणजे तीच तारीख होती. आधी साल, मग महिना, मग दिवस, मध्ये 'टी' हे अक्षर, त्यापुढे चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ आणि शेवटी ही वेळ ग्रिनिचच्या सहा तास मागे आहे अशी खूण. पान लिहिणाऱ्याने ती चांगल्या हेतूने घातली होती. कॅलेंडरच्या यंत्राला ती कळावी आणि वाचकाला तारीख हाताने उतरवून घ्यायचा त्रास पडू नये, एवढाच त्याचा विचार होता. पण जी गोष्ट फक्त यंत्राच्या कानी पडायची ती एका माणसाच्या कानी पडली आणि त्याला कार्यक्रम कधी आहे तेच कळेना.

या एका आकड्यापर्यंत वेब कशी पोचली आणि तिथून पुढे कशी गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. संगणकाच्या इतिहासात कंपन्यांची चढाओढ आणि यंत्रांचा वाढता वेग यांवर खूप लिहिलं जातं. तारीख कशी लिहावी यावर वर्षानुवर्षं तळमळीने वाद घालणाऱ्या माणसांबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

यंत्राला तारीख कळत नाही, हे आधी नीट ध्यानात घ्यायला हवं. 'येत्या शनिवारी रात्री साडेआठ, शिवाजी मंदिर' एवढं वाचून मुंबईचा नाट्यरसिक तिकीट काढायला निघतो. येता शनिवार कोणता, हे त्याला हातातल्या वर्तमानपत्राच्या तारखेवरून कळतं. शिवाजी मंदिर दादरचं, हे त्याला सांगावं लागत नाही. साडेआठ म्हणजे आठ वाजून तीस मिनिटं, हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसतं. यंत्राकडे यातलं काहीच नाही. '०४/०५' असं लिहिलं तर भारतात ती ४ मे असते आणि अमेरिकेत ५ एप्रिल. यंत्राला साल, महिना, दिवस, तास, मिनिट आणि घड्याळ कुठल्या देशाचं, हे सगळं ठरलेल्या क्रमाने हवं असतं. तो क्रम १९८८ साली आयएसओ ८६०१ या मानकाने ठरवून दिला. मधलं ते 'टी' तिथूनच आलं.

घड्याळ कुठलं, हा प्रश्न आज आपल्याला क्षुल्लक वाटतो. भारताला एकच वेळ, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पण मुंबईकराने हा प्रश्न क्षुल्लक मानू नये. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईने आपली स्वतःची वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असे आणि शहरात ती १९५५ पर्यंत चालू होती. अशा शहरात सभा पाच वाजता आहे म्हटलं, तर कुणाच्या घड्याळात पाच, हे विचारणं भागच होतं. जगभरच्या घड्याळांचे असे फरक आणि बदल टिपणारी एक सूची आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केली. आज आपल्या फोनमधलं घड्याळही तिच्याच आधाराने चालतं. तिच्यात भारताची वेळ कोलकात्याच्या नावाने नोंदलेली आहे. मुंबईला स्वतंत्र नाव नाही, कारण १९७० नंतर ज्यांची घड्याळं वेगळी चालली त्यांच्याचसाठी तिथे वेगळी नावं ठेवायची असा नियम आहे. मुंबईची वेळ त्याआधीच पंधरा वर्षं संपली होती.

कार्यक्रमाची माहिती एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कशी पोचवायची, यावर पहिलं पक्कं काम १९९० च्या दशकात झालं. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांनी मिळून व्हर्सिट नावाचा गट केला होता. त्या गटातून १९९६ साली व्हीकॅलेंडर ही मांडणी पुढे आली. तिच्यावरून नोव्हेंबर १९९८ मध्ये इंटरनेटचं मानक तयार झालं, त्याचं नाव आयकॅलेंडर. ते लिहिणारे दोघे, लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांतले होते. सभेचं आमंत्रण लोटसवरून मायक्रोसॉफ्टवर जाताना त्यातली वेळ बिघडू नये, ही गरज दोन्ही बाजूंना सारखीच होती.

आयकॅलेंडरची फाइल उघडून पाहिली तर ती एखाद्या छापील अर्जासारखी दिसते. 'बिगिन व्हीइव्हेंट' या ओळीने कार्यक्रम सुरू होतो आणि 'एंड व्हीइव्हेंट' या ओळीने संपतो. मधल्या ओळींत 'डीटीस्टार्ट' म्हणजे सुरुवात, 'डीटीएंड' म्हणजे शेवट, 'समरी' म्हणजे कार्यक्रमाचं नाव आणि 'लोकेशन' म्हणजे ठिकाण. मांडणी सोपी आहे, पण तिच्या पोटात दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्यांनी पुढे अनेकांना छळलं.

पहिली 'डीटीएंड' ची. संमेलन १२ ते १४ मे असं तीन दिवसांचं असेल, तर आपण शेवटची तारीख १४ सांगतो. '१४ पर्यंत' म्हणजे १४ धरून, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आयकॅलेंडरमध्ये पूर्ण दिवसांच्या कार्यक्रमाचा शेवट मात्र १५ मे लिहायचा, कारण यंत्राच्या दृष्टीने कार्यक्रम पंधरा तारीख लागताच संपतो आणि ती तारीख त्यात धरायची नसते. हिशेबाला हे सोयीचं आहे. दोन तारखांची वजाबाकी केली की दिवस बरोबर तीन येतात. पण माणसासाठी लिहिलेली तारीख आणि यंत्रासाठी लिहिलेली तारीख यांत इथे चक्क एका दिवसाचं अंतर पडलं.

दुसरी गोष्ट ओळीच्या लांबीची. एका ओळीत ७५ बाइटपेक्षा जास्त मजकूर ठेवू नये, लांबला तर ओळ मोडून पुढची ओळ एका मोकळ्या जागेने सुरू करावी, असा नियम आहे. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि अनुस्वार, काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. 'संध्याकाळी' या एका शब्दात अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे तीस बाइट. 'संध्याकाळी' अडीच वेळा लिहिलं की ओळ भरली. बाइट मोजून आंधळेपणाने ओळ मोडणाऱ्या कच्च्या प्रोग्रॅमांनी कधी कधी एका चिन्हाच्या मधोमध सुरी चालवली आणि अक्षराच्या जागी चौकोन उमटले. २००९ मध्ये बर्नार्ड देरुइसो यांनी संपादित केलेली मानकाची नवी आवृत्ती आली. अगदी साध्या प्रोग्रॅमांकडून असं घडू शकतं आणि वाचणाऱ्यांनी ते सावरून घ्यावं, अशी नोंद त्यांनी तिच्यात घातली.

तिसरी गोष्ट पुन्हा पुन्हा येणाऱ्या कार्यक्रमांची. 'दर महिन्याचा दुसरा मंगळवार' हे आयकॅलेंडरमध्ये एका ओळीत सांगता येतं. मानकात दिलेल्या उदाहरणांत तर अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा दिवससुद्धा आहे: दर चार वर्षांनी, नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. 'दर वर्षी आषाढी एकादशी' हे मात्र सांगायची सोय त्यात नव्हती, कारण सगळे नियम इंग्रजी महिन्यांवर बेतलेले होते. मे २०१५ मध्ये सायरस डाबू आणि ग्रेगरी याकुशेव यांनी एक पुरवणी लिहिली आणि चिनी, हिब्रू, इथिओपियन अशा इतर पंचांगांनुसार नियम लिहिण्याची वाट करून दिली. आपल्याकडच्या अधिक महिन्यासारखा वाढीव महिना दाखवायलाही तिच्यात खूण आहे. पण ज्या पंचांगांची नावं यंत्रांना माहीत आहेत त्यांच्या यादीत 'भारतीय' म्हणून जे आहे ते १९५७ साली सरकारने स्वीकारलेलं शक संवताचं सौर पंचांग. सूर्योदयाला बांधलेली, कधी क्षय पावणारी तर कधी दोन दिवस राहणारी तिथी त्यात येत नाही. म्हणून वारीची तारीख आजही फोनमध्ये दर वर्षी नव्याने घालावी लागते. १९७३ पासून घराघरांत भिंतीवर लागणाऱ्या कालनिर्णयावर ती जशी दर वर्षी नव्याने छापली जाते, तशीच.

आयकॅलेंडर फाइलींसाठी होतं. वेबची पानं अजून मुकीच होती. मे २००१ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकात टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लसिला यांचा 'सिमँटिक वेब', म्हणजे यंत्रांनाही अर्थ कळेल अशी वेब, यावरचा लेख आला आणि तो खूप गाजला. त्याची सुरुवात एका घरगुती प्रसंगाने होते. पीट आणि ल्यूसी या भावंडांच्या आईला डॉक्टरांनी तज्ज्ञांकडे जायला आणि पुढे नियमित उपचार घ्यायला सांगितलं आहे. ल्यूसीचं संगणकी सहायक दवाखान्यांच्या वेळा, विम्याची यादी आणि दोघा भावंडांच्या मोकळ्या वेळा जुळवून आईला कुणी कधी न्यायचं ते ठरवून देतं. माहितीच्या महाजाळाचं स्वप्न सांगायला या तिघांनी दवाखान्याच्या वेळा निवडल्या, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. म्हातारी आई आणि नोकरी करणारी मुलं ज्या घरात आहेत, त्या घराला या स्वप्नाचं मोल वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

स्वप्न अडलं ते लिहिण्यापाशी. त्यासाठी आरडीएफ नावाची भाषा होती, डॅन कॉनोली आणि लिबी मिलर यांनी आयकॅलेंडर तिच्यात बसवूनही दाखवलं. पण गावातल्या वाचनालयाचं पान सांभाळणारी व्यक्ती माणसांसाठी एक पान आणि यंत्रांसाठी दुसरी फाइल अशी दोन्ही लिहील आणि भाषणाची वेळ बदलली की दोन्हीकडे दुरुस्ती करील, असं मानणं जड होतं.

२००४ च्या सुमारास टँटेक चेलिक, केव्हिन मार्क्स आणि त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींनी उलटा विचार केला. माणसांसाठी लिहिलेलं पान आहेच, त्याच्यावरच खुणा करूया. वेबची पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये शब्दाभोवती नाव लावायची सोय आधीपासून होतीच. तिचा वापर बहुतेक रंग-रूपासाठी होई. तिथे आयकॅलेंडरचे शब्द जसेच्या तसे वापरायचे. कार्यक्रमाच्या परिच्छेदाला 'व्हीइव्हेंट', नावाला 'समरी', जागेला 'लोकेशन'. वाचणाऱ्याला काही वेगळं दिसत नाही आणि यंत्राला हवं ते मिळतं. या पद्धतीला त्यांनी एचकॅलेंडर म्हटलं. अशा सगळ्या छोट्या पद्धतींचं सामायिक नाव मायक्रोफॉरमॅट्स, आणि २० जून २००५ रोजी त्यांचं काम एका जागी, सर्वांसाठी खुलं झालं.

'आधी माणूस, मग यंत्र' हे त्यांचं ब्रीद होतं आणि त्यामागे पक्का विचार होता. माहिती माणसाला दिसते त्याच जागी यंत्रासाठी असावी, मागे लपवलेली नसावी, कारण दिसणारं चुकलं की कुणीतरी लगेच सांगतं आणि लपलेलं वर्षानुवर्षं चुकीचंच राहतं. आपल्या लग्नपत्रिकेवर तिथीही छापतात आणि तारीखही. आजी तिथी बघते, रजेचा अर्ज करणारा भाचा तारीख बघतो. दोन्ही एकाच कागदावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. जुळत नसतील तर पत्रिका घरात पोचली त्याच दिवशी कुणीतरी फोन करून विचारतं. एचकॅलेंडरला नेमकं हेच साधायचं होतं.

ते काही काळ साधलंही. ब्रायन सुडा यांनी एक्स२व्ही नावाचं साधन केलं. एचकॅलेंडरचं पान त्याला दिलं की त्यातून आयकॅलेंडरची फाइल निघे आणि ती थेट आपल्या कॅलेंडरात भरता येई. अँडी बायो यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या अपकमिंग या कार्यक्रमांच्या संकेतस्थळाने या खुणा स्वीकारल्या आणि २००५ मध्ये ते याहूने विकत घेतलं, तेव्हा हजारो कार्यक्रमांची पानं एकदम यंत्राला वाचता येऊ लागली. २००६ च्या अखेरीस मायकेल केप्ली यांनी फायरफॉक्स ब्राउझरसाठी ऑपरेटर नावाची जोड दिली. पान उघडलं की वरच्या पट्टीत कार्यक्रम हजर आणि एका टिचकीसरशी तो आपल्या कॅलेंडरात. दुसरी फाइल लागत नव्हती, कुणाची परवानगी लागत नव्हती. ज्याला पान लिहिता येतं त्याला हे येत होतं. या काळाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण तारखेने घात केला. नाव आणि जागा माणूस आणि यंत्र दोघांनाही सारखीच चालत. तारीख चालत नव्हती. माणसाला 'संध्याकाळी ५' हवं, यंत्राला तो लांब आकडा. म्हणून एक युक्ती निघाली. एचटीएमएलमध्ये संक्षेपासाठी 'ॲब्र' नावाची खूण आहे. 'म.सा.प.' लिहायचं आणि तिच्या पोटात पूर्ण रूप 'महाराष्ट्र साहित्य परिषद' ठेवायचं, अशा कामासाठी ती होती. मायक्रोफॉरमॅट्सच्या मंडळींनी म्हटलं, 'संध्याकाळी ५' हा पूर्ण तारखेचा संक्षेपच नाही का? मग पूर्ण रूप म्हणून आकडा आत ठेवा.

आणि तो आकडा दृष्टिहीनाच्या कानावर आदळला. वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्टच्या जेम्स क्रेग आणि ब्रूस लॉसन यांनी एप्रिल २००७ मध्ये लेख लिहून दाखवून दिलं की काही स्क्रीन रीडर संक्षेपाऐवजी पूर्ण रूप वाचतात आणि ते त्यांनी वाचावंच, ती खूण त्यासाठीच आहे. संक्षेपाचं पूर्ण रूप माणसाला कळलंच पाहिजे आणि हा आकडा कळत नाही, म्हणून तो पूर्ण रूप नव्हेच.

यावरचा वाद मोठा आणि प्रामाणिक होता. काहींनी म्हटलं, पूर्ण रूप वाचण्याची सोय स्क्रीन रीडरमध्ये मुळात बंद असते, ती चालू करणारे थोडे. त्यावर उत्तर मिळालं की जे चालू करतात ते गरज असते म्हणूनच करतात आणि ते थोडे आहेत हे त्यांना वगळण्याचं कारण होऊ शकत नाही. माउस नेला की डोळस वाचकालाही तोच आकडा छोट्या पिवळ्या चौकटीत दिसे आणि वाचायला ज्यांना कष्ट पडतात त्यांचा गोंधळ उडे, हाही मुद्दा पुढे आला. सगळेच आपली बाजू कळकळीने मांडत होते. 'आधी माणूस' हे दोन्ही बाजूंचं ब्रीद होतं. माणूस म्हणजे कोण कोण, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न जून २००८ मध्ये बीबीसीने आपल्यापुरता सोडवला. बीबीसीच्या कार्यक्रमांच्या पानांवर प्रत्येक प्रसारणाची वेळ एचकॅलेंडरने लिहिलेली होती आणि मायक्रोफॉरमॅट्सच्या दृष्टीने ती मोठी मान्यता होती. मायकेल स्मेदर्स्ट यांनी जाहीरपणे कळवलं की या खुणा काढून टाकत आहोत. श्रवणाला आणि वाचनाला अडथळा येणार नाही अशी दुसरी पद्धत मिळेपर्यंत त्या परत येणार नाहीत. रेडिओ ऐकणाऱ्यांत दृष्टिहीन श्रोते किती, याचा विचार केला तर बीबीसीने हा निर्णय घेतला हे योग्यच झालं. उशिरा का होईना, मायक्रोफॉरमॅट्सच्या मंडळींनीही ते मनावर घेतलं. २००९ मध्ये त्यांनी नवी पद्धत आणली. तारीख आणि वेळ वेगवेगळ्या तुकड्यांत, माणसाला वाचता येतील अशा लिहायच्या आणि यंत्राने ते तुकडे जोडून घ्यायचे. जोडण्याची मेहनत माणसाकडून यंत्राकडे गेली आणि तीच जागा तिची होती.

खरं उत्तर एचटीएमएलमध्येच तारखेसाठी स्वतंत्र खूण असणं, हे होतं. एचटीएमएल ५ च्या मसुद्यात 'टाइम' नावाची खूण आली. बाहेर माणसाची तारीख, आत यंत्राची, आणि आतली कुणाला मोठ्याने वाचून दाखवण्याचं कारण नाही. तिच्यावर लोक विसंबू लागले आणि ऑक्टोबर २०११ च्या शेवटी मसुद्याचे संपादक इयन हिक्सन यांनी ती काढूनच टाकली. तारखेपुरती खूण हवी कशाला, कुठल्याही मूल्यासाठी 'डेटा' नावाची एकच खूण ठेवू, असं त्यांचं म्हणणं होतं. तर्क म्हणून ते चुकीचं नव्हतं. पण ज्यांनी चार वर्षं तारखेपायी वाद घातले होते त्यांना ते सोसवेना. आठवड्याभरात इतका विरोध उठला की वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या एचटीएमएल गटाच्या अध्यक्षांना तो बदल मागे घ्यायला सांगावं लागलं. नोव्हेंबरमध्ये खूण परत आली आणि आधीपेक्षा समंजस होऊन आली. पूर्वी तारीख लिहायची तर ती पूर्णच लागे. आता नुसतं साल, नुसता महिना किंवा साल नसलेला महिना-दिवस असंही लिहिता येऊ लागलं. इतिहास लिहिणाऱ्याला याचं मोल कळेल. ज्या घटनेचं साल तेवढं ठाऊक आहे, तिला आता खोटी १ जानेवारी चिकटवावी लागत नव्हती.

एवढ्यात मैदानात मोठी माणसं उतरली होती. गुगलने मे २००९ मध्ये शोधाच्या निकालात पानावरच्या खुणा वापरायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१० मध्ये कार्यक्रमांचीही पाळी आली. नाटकगृहाचं नाव शोधलं की निकालाखालीच पुढचे दोन-तीन कार्यक्रम तारखांसह दिसू लागले. आतापर्यंत हौसेने आणि तत्त्वासाठी होणारं काम धंद्याच्या गरजेचं झालं. २ जून २०११ रोजी गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही अशा खुणांची सामायिक शब्दसूची जाहीर केली. काही महिन्यांनी रशियाची यांडेक्सही आली. यामागे मद्रासच्या आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा होते. यंत्राला जगाची माहिती कशी सांगावी या एकाच ध्यासात त्यांनी तोवर वीसेक वर्षं घालवली होती आणि आरडीएफ व संकेतस्थळांवरचा नवा मजकूर पोचवणारी आरएसएस ही मांडणी यांच्या जन्मातही त्यांचा हात होता.

स्कीमात कार्यक्रमांचे प्रकार ठरवून दिलेले आहेत: नाटक, नृत्य, संगीत, खेळ, साहित्य, उत्सव, मुलांचे कार्यक्रम, अगदी दुकानातला सेलसुद्धा. सुरुवातीच्या वेळेखेरीज 'डोअरटाइम' म्हणून दरवाजे उघडण्याची वेळही सांगता येते. तिसऱ्या घंटेपर्यंत चहाच्या टपरीवर रेंगाळणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हा फरक पटकन कळेल. याच गुहांनी, डॅन ब्रिकली आणि स्टीव्ह मॅकबेथ यांच्यासह, २०१५ मध्ये लिहिलं की एक हजार कोटी पानांचा नमुना तपासला तेव्हा ३१ टक्क्यांहून अधिक पानांवर या खुणा सापडल्या. सिमँटिक वेबने जे मागितलं होतं त्याचा एक तुकडा खरोखर घडला होता.

पण तो घडताना एक गोष्ट हातातून सुटली. जानेवारी २०१४ मध्ये जेसन-एलडी ही मांडणी मानक झाली आणि हळूहळू बहुतेकांनी तीच उचलली. तिच्यात दिसणाऱ्या मजकुरावर खुणा करायच्याच नसतात. पानाच्या पोटात, वाचकाला दिसणार नाही अशा जागी, यंत्रासाठी वेगळा मजकूर लिहायचा. लिहिणाऱ्याला ते सोपं जातं, स्क्रीन रीडरच्या वाटेत काही येत नाही, आणि तो दोन कोटींचा आकडा आता कुणाच्या कानावर पडत नाही, याचा मला आनंदच आहे. पण तारीख पुन्हा दोन ठिकाणी लिहिली जाऊ लागली. वर बदलली आणि आत बदलायची राहिली, तर वाचक एका दिवशी पोचतो आणि शोधयंत्र दुसऱ्याच दिवशी लोकांना पाठवतं. चेलिक आणि मंडळींना ज्याची भीती वाटत होती तीच ही गोष्ट. गुगलनेही आपल्या नियमांत लिहून ठेवलं आहे की आतला मजकूर पानावर दिसणाऱ्या मजकुराशी जुळलाच पाहिजे. जुन्या मंडळींचं शहाणपण असं नियमाच्या रूपाने परत आलं. मला विचाराल तर नियमापेक्षा ती एकाच जागी लिहिलेली तारीख बरी होती. पत्रिका पाठीवर वेगळी छापली की पाठ कुणी उलटून बघत नाही.

या दुहेरी लिखाणाची खरी कसोटी मार्च २०२० मध्ये लागली. १३ मार्चला महाराष्ट्र सरकारने मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथली नाट्यगृहं आणि चित्रपटगृहं मध्यरात्रीपासून बंद करण्याचं जाहीर केलं. तिकीट खिडकीवर 'आजचा प्रयोग रद्द' ही पाटी लावायला मिनिटभर लागतं. जगभरच्या लाखो पानांच्या पोटात मात्र कार्यक्रम ठरल्याप्रमाणे उभे होते आणि शोधयंत्रं ते लोकांना दाखवत होती. १७ मार्चला स्कीमाची सातवी आवृत्ती आली. रद्द झाला, पुढे ढकलला, नवी तारीख ठरली, हे सांगायचे शब्द आधीपासून होते. आता 'ऑनलाइन हलवला' हा नवा शब्द आला. कार्यक्रमाला प्रत्यक्ष यायचं, घरून बघायचं की दोन्ही चालेल, हे सांगायची सोय आली. कार्यक्रमाचं ठिकाण म्हणून चार भिंतींऐवजी एखादा दुवा देता येऊ लागला.

आणि पुढे ढकललेल्या कार्यक्रमांसाठी गुगलने त्याच दिवशी एक सूचना दिली. नवी तारीख ठरलेली नसेल तर जुनी तारीख पुसू नका. सुरुवातीच्या रकान्यात तीच राहू द्या आणि स्थितीच्या रकान्यात 'पुढे ढकलला' एवढंच लिहा. नवी तारीख कळेल तेव्हा ती सुरुवातीच्या रकान्यात जाईल आणि जुनी 'आधीची तारीख' या रकान्यात उतरेल. त्या वसंतात कितीतरी कार्यक्रमांच्या नोंदी अशाच थांबून राहिल्या: नाव आहे, जागा आहे, उलटून गेलेली तारीख आहे आणि तिच्याखाली 'पुढे ढकलला'.